नव्या शिल्प निदेशकाचं पहिलं वर्ष: बॅच येण्याआधीपासून पोरं कंपनीत रुळेपर्यंत

आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून रुजू होणारी माणसं साधारण दोन वाटांनी येतात. काही जण कंपनीत आठ-दहा वर्षं मशीनवर काढून येतात, तर काही डिप्लोमा करून थेट वर्कशॉपमध्ये. पहिल्याला काम येतं, पण आपल्याला ते कसं येतं हे त्याला सांगता येत नाही. दुसऱ्याला सांगता येतं, पण त्याचा हात अजून बसलेला नसतो. मी पहिल्या वाटेनं आलो. माझा ट्रेड जोडारी, म्हणजे फिटर. त्यामुळे इथली उदाहरणं व्हाइस (जॉब घट्ट पकडणारा शिकंजा) आणि कानस (धातू घासायची फाइल) यांचीच असतील. कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री किंवा शिवणकामाच्या निदेशकांनी कानशीच्या जागी आपापलं हत्यार ठेवून वाचावं.

तुम्ही कायम नेमणुकीवर असा नाहीतर तासिका तत्त्वावर, समोरच्या वीस पोरांना तो फरक ठाऊक नसतो. दहावीनंतर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या हातात खरं हत्यार देणार, एवढंच त्यांना कळतं. १९५० साली सुरू झालेली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना महाराष्ट्रात आज ४००हून अधिक शासकीय आयटीआयमधून चालते. पण ती प्रत्यक्षात उतरते ती तुमच्या त्या एका वर्कशॉपमध्ये.

पुढचं सगळं विसरलात तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. पोराच्या हातातली कानस आपल्या हातात घेऊ नका. का, ते पुढे येईलच.

बॅच येण्याआधी

प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात चालतात. वर्ग भरेपर्यंत तुमच्याकडे थोडे दिवस असतात, ते रजिस्टरं चाळण्यात घालवू नका. डेडस्टॉक रजिस्टर (वर्कशॉपमधल्या कायमच्या वस्तूंची नोंदवही) हातात घेऊन वर्कशॉपमध्ये फिरा आणि प्रत्येक वस्तू डोळ्यांनी बघून टिक करा. प्रत्येक व्हाइस आवळून-सैल करून बघा. जबडे समांतर येतात का, स्क्रूला किती खेळ आहे, याची नोंद ठेवा. मूठ नसलेली एकही कानस शेल्फवर राहू देऊ नका. कानशीचं टोकदार शेपूट तळहातात घुसायला एक धक्का पुरतो, आणि नवं पोर मूठ आहे की नाही हे बघत नाही. त्याच्यासाठी ती नुसतीच कानस असते.

व्हाइसची उंची तपासा. सरळ उभं राहून हात कोपरात दुमडला की कोपर जबड्याच्या वरच्या कडेच्या पातळीत यायला हवं. आपली बेंचं एकाच उंचीची असतात, पोरं मात्र वेगवेगळ्या उंचीची. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असल्यानं आता जोडारीलाही मुली येतात. बुटक्या मुलांसाठी आणि मुलींसाठी सुतारकामाच्या ट्रेडकडून चार-पाच लाकडी फळ्या करून घ्या, पायाखाली ठेवायला. माझ्या पहिल्या बॅचमधली एक मुलगी तीन आठवडे खांदे उचलून फायलिंग करत होती. तिला जमत नाही, असं मी मनात धरून बसलो होतो. फळी दिली आणि चार दिवसांत तिची पट्टी बाकीच्यांच्या बरोबरीला आली. तिचे तीन आठवडे मी वाया घालवले.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम: पहिल्या तीन महिन्यांतले सगळे जॉब, म्हणजे पोरांकडून करून घ्यायचे सरावाचे तुकडे, स्वतः करा. त्याच व्हाइसवर, त्याच कानशीनं, स्टोअरमधून येणाऱ्या त्याच एमएस (माइल्ड स्टील) फ्लॅटवर. घड्याळ लावून करा. कंपनीत कितीही वर्षं काढलेली असोत, हातानं चौकोन काढायची सवय गेलेली असते. एखादा जॉब तुम्हाला ४० मिनिटं लागला, तर नव्या पोराला तो दोन दिवस पुरेल असं धरा. कुठं हात घसरतो, कुठं आखणी चुकते, ते आत्ताच कळलं की पुढे वीस जणांमध्ये धावाधाव होत नाही.

हॅक्सॉच्या (धातू कापायच्या करवतीच्या) ब्लेडचं मागणीपत्र लवकर द्या. पहिल्या महिन्यात ब्लेड फार मोडतात, आणि मोडायलाच हवीत. मोडण्याच्या धास्तीनं पोर हळू घासत राहिलं, तर त्याला स्ट्रोक कधीच सापडत नाही.

पहिला आठवडा

या आठवड्यात मशीनला हात नाही. नावं पाठ करा. कोण कुठल्या गावचं, कुठल्या एसटीनं येतं, परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे वहीत लिहा. वडील काय करतात हे विचारताना जपून विचारा, आणि सगळ्यांदेखत तर विचारूच नका.

एक रूक्ष काम याच आठवड्यात उरका. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक पासबुक या तिन्हीवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का, ते बघा. जन्मतारीखही बघा. आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे का? दोन वर्षांनी शिकाऊ उमेदवारीची नोंदणी करताना पोराची गाडी इथंच अडते. कंपनी बोलावत असते आणि पोर सेतू केंद्राच्या रांगेत उभं असतं. आत्ता दुरुस्तीला लागणारा एक दिवस तेव्हा संधी घालवतो.

सुरक्षेचे फलक वाचून दाखवण्यात अर्थ नाही. प्रत्यक्ष दाखवा. चकमध्ये (जॉब पकडून फिरणाऱ्या भागात) चावी ठेवून लेथ चालू केलं तर ती चावी कुठल्या दिशेनं आणि किती जोरात उडेल, ते मशीन बंद ठेवून हातानं चक फिरवून दाखवा. ड्रिलिंग मशीनवर हातमोजे का नकोत, ते चिंधी धरून समजावून सांगा. ड्रिल चिंधी गुंडाळत जातं, आणि मोजा म्हणजे चिंधीच. कीस हातानं झाडायचा नाही, फुंकायचाही नाही. ब्रशनंच काढायचा.

मनगटातल्या दोऱ्यांचा प्रश्न दर वर्षी येतो. कुणाच्या हाताला देवीचा गंडा असतो, कुणाचा राखीचा दोरा महिनोन्‌महिने तसाच असतो. कात्री घेऊन तोडायला जाऊ नका. "घरी विचार, आणि दंडावर बांध, बाहीच्या आत," असं सांगा. माझ्याकडे आजवर एकाही घरानं नाही म्हटलेलं नाही. कडं आणि अंगठी मात्र दारातच काढून ठेवायची. त्यासाठी दाराजवळ एक डबा ठेवा.

शब्द दोन्ही द्या. कानस आणि फाइल, काटकोन तपासायचा गुण्या आणि ट्रायस्क्वेअर, छन्नी आणि चिझेल. गॅरेजमध्ये हात काळे केलेल्या पोराला मराठी किंवा हिंदी नाव येतं, ड्रॉइंगवर आणि कंपनीत दुसरंच नाव असतं. पोराचा शब्द चुकीचा ठरवू नका, त्याच्या शेजारी दुसरा ठेवा.

प्रात्यक्षिक दाखवताना

निदेशकांच्या प्रशिक्षणात पाठाच्या चार पायऱ्या शिकवतात: तयारी, मांडणी, वापर, तपासणी. हा एक वर्षाचा शिल्प निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम तुम्ही केला नसेल तर जमेल तेव्हा जरूर करा. मुंबईत चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, तिथं तो होतो. मी नोकरीत असताना केला आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की इतकी वर्षं मी दुसरी पायरी झाली की थेट चौथी गाठत होतो.

वीस जणांना एका व्हाइसभोवती उभं करून काही दिसत नाही. मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात. सहा-सात जणांचे गट करा, वेळ लागला तरी चालेल. त्यांना तुमच्या समोर उभं करू नका. समोरून बघणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं, आणि तो ते तसंच उलटं उचलतो. त्यांना तुमच्या बाजूला आणि थोडं मागे उभं करा.

मी एकच क्रिया तीनदा दाखवतो. पहिल्यांदा नेहमीच्या वेगानं, तोंडातून शब्द न काढता. म्हणजे काम करताना ते कसं दिसतं हे आधी डोळ्यांत बसतं. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक टप्प्याला थांबून, बोलत. तिसऱ्यांदा एका पोरानं सांगायचं आणि मी फक्त तेवढंच करायचं. हॅक्सॉ दाखवताना एकानं "ब्लेड लावा, सर" म्हटलं. मी दाते माझ्याकडे करून लावलं. "घासा" म्हटलं, मी घासलं. करवत धातूवरून नुसतीच घसरत गेली आणि सगळी पोरं ओरडली, "दाते पुढे पाहिजेत, सर!" त्या दिवसानंतर त्या बॅचमध्ये कुणी ब्लेड उलटं लावल्याचं मला आठवत नाही.

कानस कुणाच्या हातात

आता मूळ मुद्दा. नव्या पोराची पट्टी कायम गोल होते. मधे उंच, दोन्ही कडांना उतरलेली. गुण्याची पाती तिच्यावर ठेवून उजेडाकडे धरली की पाती मध्ये टेकते आणि दोन्ही टोकांशी उजेड दिसतो. कारण साधं आहे. स्ट्रोक सुरू होताना कानशीचं पुढचं टोक जॉबवर असतं, तेव्हा जोर डाव्या हाताचा हवा. मध्यावर दोन्ही हातांचा सारखा. शेवटाकडे मूठ जॉबच्या जवळ येते, तेव्हा जोर उजव्या हाताचा हवा. नवं पोर दोन्ही हातांनी सारखंच दाबत राहतं, त्यामुळे कानस तराजूच्या दांडीसारखी डोलते आणि कडा खाते.

हे सांगून येत नाही. शेकडो स्ट्रोक मारल्यावर हातालाच समजतं. आणि नेमकं इथंच नव्या निदेशकाचा तोल जातो. पोर घामाघूम झालेलं असतं, तुम्हाला पाच मिनिटांत जमणार असतं, बॅच मागे पडत असते. तुम्ही म्हणता, "आण इकडे," कानस घेता आणि दहा-बारा स्ट्रोकमध्ये पट्टी सपाट करून देता. पोर खूष, तुम्हीही खूष.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी एका पोराचं हे सतत केलं. पोर गुणी होतं, पण घाईचं. त्याचे जॉब सुंदर दिसायचे, गुणही चांगले मिळाले. पुढे एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. तिथं लेखी झाल्यावर व्हाइससमोर उभं करून पट्टी आणि कानस हातात दिली. दुसऱ्या दिवशी तो मला भेटायला आला. तक्रार अशी काही केली नाही. खाली बघत एवढंच म्हणाला, "तिथं गोलाई गेलीच नाही, सर." माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याच्या जॉबवरची गोलाई इथं प्रत्येक वेळी मीच काढली होती.

मग करायचं काय? पोर अडलं की आधी पट्टी उजेडाकडे धरायला सांगा आणि विचारा, "उजेड कुठं दिसतो?" त्याच्या तोंडून येऊ द्या. मग पट्टीवर खडू घासायला लावा, चार स्ट्रोक मारू द्या, आणि खडू कुठं गेला, कुठं राहिला ते त्यालाच बघू द्या. जिथला गेला, तिथंच कानस चालतेय. पुढे सरफेस प्लेटवर (एकदम सपाट तपासणी-पाटावर) निळा रंग लावून उंच जागा शोधायच्या असतात, त्याचं हे पहिलं रूप. पोराच्या पायांकडे बघा: डावा पाय पुढे आहे का, वजन पुढच्या पायावर जातं का. दहातल्या सहा वेळा दोष हातात नसतो, उभं राहण्यात असतो.

तरी नाही जमलं तर शेजारच्या व्हाइसमध्ये तुमची स्वतःची पट्टी बांधा आणि त्याच्या बाजूला उभं राहून तुम्हीही फायलिंग करा. बोलू नका. दोन कानशींचा आवाज वेगळा येतो आणि थोड्या वेळानं त्याला तो ऐकू येतो. सपाट चालणाऱ्या कानशीचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो. डोलणारी मध्येच खरवडते. मी अनेक पोरांना कानानं फायलिंग शिकवलं आहे.

जॉब तपासणं

जॉबवर रोल नंबरचा पंच मारलेला असू द्या. आधी पोरानं मोजायचं आणि वहीत लिहायचं, मग तुम्ही मोजायचं आणि त्याच्या शेजारी लिहायचं. व्हर्नियर या मोजमापाच्या साधनाचं लघुत्तम माप ०.०२ मिमी, पण सुरुवातीला दोघांच्या मापांत अर्ध्या मिमीचा फरक पडतो. पोर जबडे तिरके धरतं, नाहीतर घट्ट दाबतं. या फरकावरही गुण ठेवा. चुकलेला जॉब बरोबर मोजणाऱ्या पोराला मी चांगले गुण देतो, कारण कंपनीत चुकलेला भाग वेळेत पकडणारा माणूसच लागतो. अर्ध्या मिलिमीटरच्या मुभेपासून ०.०४ मिमीपर्यंतचा प्रवास याच दोन रकान्यांत दिसतो.

चुकलेले जॉब भंगारात टाकू नका. एका पेटीत चुकीप्रमाणे कप्पे करा: माप कमी झालेले, काटकोन गेलेले, ड्रिल सरकलेले, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आत मोडलेले. पुढच्या बॅचला शिकवायला यापेक्षा चांगला संच विकत मिळत नाही.

गणित आणि ड्रॉइंग

ज्या पोरांना शाळेत गणितात ढ म्हटलं गेलं, ती इथं येतात. फळ्यावर सूत्र लिहिलं की त्यांचे डोळे विझतात. तेच सूत्र मशीनपाशी न्या. एम १० चा टॅप हातात द्या, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी आहे हे थ्रेड गेजनं मोजू द्या. १० मधून १.५ वजा केले की ८.५, म्हणजे ड्रिल साडेआठ मिमीचं. मग मुद्दाम एका तुकड्यात ८ मिमीचं भोक पाडून टॅप घालायला सांगा. टॅप जड जाईल, आणि वजाबाकी का करायची ते हाताला कळेल. ड्रिलचा वेगही असाच. १० मिमीचं एचएसएस (हायस्पीड स्टील) ड्रिल, एमएसला कटिंग स्पीड मिनिटाला २५ मीटर धरला, तर फेरे येतात सुमारे ८००. मशीनवरचा पट्टा त्या पुलीवर त्यांनाच चढवू द्या, अर्थात वीज बंद करून.

मागे पडणारी आणि पुढे पळणारी

परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. प्रॅक्टिकलला ६० टक्के आणि थिअरीला ३३ टक्के गुण लागतात. हे आकडे पालकांना पहिल्याच सभेत सांगा. गैरहजर पोराला रागवण्याआधी कारण शोधा. सोयाबीनची काढणी असेल, एसटीची फेरी बंद झाली असेल. माझ्या वर्गात एक पोर दुपारी बेंचवर डोकं ठेवून झोपायचं. ते रात्री पेट्रोल पंपावर काम करत होतं. घराला त्या पैशांची गरज होती, ते काम सोड असं मी सांगू शकत नव्हतो. गट निदेशकांशी (आमच्या वरच्या निदेशकांशी) बोलून त्याच्या गटाचं प्रॅक्टिकल सकाळी घेतलं, कारण झोपेत असलेलं पोर मशीनपाशी नको. ते पास झालं.

भराभर काम उरकणाऱ्याला वीस जणांत विसरून जाऊ नका. त्याला टूल क्रिबची (हत्यारं ठेवायच्या जागेची) जबाबदारी द्या, मोजमापाची साधनं तपासायला द्या. दर वेळी दुसऱ्याला शिकवायला मात्र बसवू नका, त्याचंही शिकणं चालू राहायला हवं.

कागदांबद्दल एवढंच: डायरी, हजेरी आणि जॉबचे गुण त्याच दिवशी लिहा. महिनाअखेरीला आठवून लिहिलेली नोंद कुणाच्याच कामाची नसते.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. आदल्या दिवशी सगळी हत्यारं पोरांकडून घासूनपुसून, तेल लावून मोजून घ्या. वर्षातली सगळ्यात चांगली हत्यार-तपासणी त्या दिवशी होते, कारण त्या दिवशी पोरं मनापासून करतात.

कंपनीच्या दारापर्यंत

पहिल्याच वर्षी जवळच्या एमआयडीसीत तुम्ही स्वतः जाऊन या. भोसरी असो, वाळूज, सातपूर, शिरोली किंवा बुटीबोरी. एचआरला भेटा, पण त्याआधी शॉपफ्लोअरवरच्या सुपरवायझरला भेटा आणि एकच विचारा: "आमची पोरं पहिल्या महिन्यात कुठं अडखळतात?" मला बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरं मिळाली. ड्रॉइंग वाचता येत नाही, आणि चूक झाली की सांगत नाहीत.

म्हणून दर शनिवारी एक पोर, एक ड्रॉइंग आणि पाच मिनिटं. सगळ्यांसमोर उभं राहून जॉब कसा करणार ते मराठीत सांगायचं. इंग्रजीचा आग्रह धरू नका. आधी बोलायला तोंड उघडू द्या. आणि वर्गात चूक स्वतःहून सांगणाऱ्याचे गुण कापू नका. हाताखालची माणसं चूक का लपवतात, हे मी कंपनीत जवळून पाहिलं आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती ओरडा खाऊन बसलेली असतात.

शेवटच्या सहा महिन्यांत वाटा समजावून सांगा. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कंपनीत शिकाऊ म्हणून लागता येतं. तिथं विद्यावेतन मिळतं आणि परीक्षा दिली की राष्ट्रीय प्रमाणपत्रही. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ज्याला गावातच वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं दुकान टाकायचं आहे, त्याला बँकेत घेऊन जा. शिकाऊ उमेदवारीच्या करारावर सही करण्याआधी तो पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या: कालावधी किती, ट्रेड कुठला, विद्यावेतन किती. "नोकरी लावून देतो" म्हणून पैसे मागणारी माणसं या दिवसांत गावोगाव फिरतात. पालकांना आधीच सांगून ठेवा की शिकाऊ उमेदवारीसाठी कुणालाही पैसे द्यायचे नसतात.

पोरं गेली की तुमचं एक काम उरतं. वहीत प्रत्येकाचा नंबर असतोच. तीन महिन्यांनी, रविवारी दुपारी, एकेकाला फोन करा. "कसं चाललंय" विचारलं तर "बरं चाललंय" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "तिथं असं काय लागतं, जे आपण केलं नव्हतं?" एकानं मला सांगितलं की त्यांच्याकडे भोकं व्हर्नियरनं कुणी मोजत नाही, प्लग गेजच (भोकात घालून माप तपासायचं साधन) वापरतात. त्याची गो बाजू (बरोबर भोकात सहज जायला हवी ती) किती हलक्या हातानं घालायची, हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या आठवड्यात त्यानं ती दाबून बसवली होती. सोमवारी मी स्टोअरमध्ये गेलो. आमच्याकडे प्लग गेजचा संच होता, कपाटात, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेला. तो आता बेंचवर असतो.